शेळ्या माळवदात, माणसं स्लॅबखाली

आज वैरागजवळ माहेरी भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आत्ताच सोलापुरात परत येऊन टेकलेय आणि डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून टाकते. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

घर झकास झालंय, खोटं कशाला बोलू. दोन बेडरूम, हॉल, वर स्लॅब, बाहेरून पिस्ता रंग. दुपारी पुरणपोळीची पंगत उठली तेव्हा ऊन रणरणत होतं, मोबाइलवर पारा ४३. पंखा गरगर फिरत होता आणि स्लॅबची धग आमच्याच डोक्यावर ओतत होता. मग लाइट गेली आणि तोही थांबला. सगळ्या बायका पदरानं वारा घेत बसलेल्या, आणि आमची थोरली काकू कुठं दिसेना. शोधत मागं गेले. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराचे दोन खण अजून उभे आहेत, त्यात हल्ली शेळ्या बांधतात. तिथं गारव्याला पोतं अंथरून, उशाला तांब्या ठेवून बाई चक्क घोरत होती. पायाशी दोन करडं.

हलवून उठवलं तर म्हणते, "स्लॅब चांगलाय की गं. पाव्हण्यारावळ्यास्नी."

एवढ्यावर मी हसून गप्प बसले असते. पण भावाचा एक ओळखीचा इंजिनिअर जेवायला आला होता. बडीशेप चघळत तो त्या दोन खणांकडं बघून म्हणाला, "हे कच्चं बांधकाम काढून टाका, गाडी लागेल तिथं." आणि भाऊ म्हणाला, "मंगळवारी जेसीबी सांगितलाय."

कच्चं! माझ्या पणजोबानं बांधलेली दोन फुटी भिंत, चार पिढ्या जन्मल्या आणि गेल्या तिच्या सावलीत, ती कच्ची. आणि जुळे सोलापुरातला माझा चौदा वर्षांचा फ्लॅट, ज्याच्या बाथरूममध्ये पोपडे पडून सळई दिसतेय, तो पक्का. हप्ते अजून चालू आहेत, ते मात्र खरोखर पक्के.

या एका शब्दानं वाटोळं केलं. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत कच्च्या भिंती आणि कच्च्या छपराची एकच खोली हा वंचितपणाचा निकष होता. म्हणजे माती दिसली की माणूस गरीब. मग कोण सांगेल अभिमानानं की माझं घर मातीचं आहे? घरकुलाचं मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार आहे. मातीच्या चांगल्या घराचं नाव काढलं तर गावात कुणीही हसेल, आणि ते पैसे सिमेंट-सळईतच जातात.

आपल्याकडं काळी आणि पांढरी माती म्हणतात ना? काळीत पिकवायचं, पांढरीवर राहायचं. काळी पाणी प्यायली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा देते. तिचं माळवद केलं तर पहिल्याच पावसात गळून खाली येईल. पांढरी तशी फुगत नाही, चोपली की बसते ती बसतेच. आमचे आबा मृगाच्या आधी माळवदावर चढायचे. आधी गवत उपटायचं, जुनी पोकळ झालेली माती खरवडायची, मग नवी पांढरी पसरून पाणी शिंपडायचं आणि चोपण्यानं बडवत बडवत पन्हाळीकडं उतार काढायचा. चोपणं माझ्या हातात द्यायचे. नीट बडवलं नाही की नुसतं म्हणायचे, "आवाज बघ." भुसभुशीत असली की थप्प व्हायचं, बसली की टण्ण. भिंतीच्या गिलाव्याची माती तर काड घालून आठ-आठ दिवस कुजवायची, मग पायानं तुडवायची. इंजिनिअरिंगच्या कुठल्या वर्षाला शिकवतात हे? (चुकत असेन तर सांगा, माझा भाचा सिव्हिलला आहे, त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, ते सिलॅबसला नाही.")

आता कमेंटमध्ये किल्लारीचा भूकंप येणार, माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, पहाटे मांडणीवरची भांडी खडखडून खाली आली आणि आबांनी आम्हाला अक्षरशः ओढून अंगणात काढलं. नंतर कितीतरी दिवस आम्ही खळ्यावर झोपलो. माळवदाखाली हजारो माणसं गेली, हे मान्य. पण त्या भिंतींत दोन्ही तोंडं बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते आणि वर दरवर्षी न खरवडता थरावर थर चढवलेली माती होती. मातीच्या घरांना भूकंपात कसं टिकवायचं याचं भारतीय मानकही त्याच १९९३ सालचं आहे, आयएस १३८२७. कुणी उघडून बघितलं? ऑरोव्हिलला मातीत थोडं सिमेंट मिसळून यंत्रावर दाबलेल्या, न भाजलेल्या विटांची घरं बांधतात, शिकायला जगभरातून लोक येतात. आणि आपण भट्टीची वीट आणून काकूला शेळ्यांत झोपवतो.

हे सगळं मी तिथं उभी राहून बोलले. जरा जोरातच. भाऊ गप्प. वहिनी ताटं उचलता उचलता म्हणाली, "ताई, सारवायचं तुम्हाला नाही, म्हणून सुचतंय हे."

तेव्हापासून तेच वाक्य डोक्यात आहे. एसटीत वैरागपासून सोलापूरपर्यंत तेच. कारण खरं आहे. माझ्या आईच्या बोटांच्या पेरांना शेणामातीनं पडलेल्या चिरा मी बघितल्यात. सणाच्या आधी चार-चार दिवस ती वाकलेली असायची. आबा वर्षातून एकदा माळवदावर चढायचे आणि गावभर कौतुक व्हायचं, आई दर आठवड्याला सारवायची आणि त्याचं कुणी नावही काढायचं नाही. वहिनीला फरशी हवी असेल तर तिचं काय चुकलं? काहीच नाही. खाली फरशी घाला की. शहाबादी घाला, टाइल्स घाला. मला भिंत आणि माळवद हवंय. पण हे तिला सांगायला मला तेव्हा सुचलं नाही, मी तणतणत बाहेर पडले.

मघाशी तिला फोन केला. सॉरी म्हटलं. तर म्हणाली, काकू संध्याकाळी परत तिकडंच गेल्यात, आणि धाकटा पण उशी घेऊन मागं लागलाय त्यांच्या. मी म्हटलं, मंगळवारचा जेसीबी पुढं ढकल, खर्च मी देते. "तुमच्या भावाला सांगते," म्हणाली. हो नाही आणि नाही पण नाही.

तर काम असं आहे. एक तुळई वाळवीनं खाल्लीय, ती बदलावी लागेल, आणि साण्याजवळ, म्हणजे छतातल्या उजेडाच्या भोकाजवळ, माळवद झिरपतंय. मृगाला सतरा दिवस राहिलेत. बार्शी, मोहोळ, माढा, मंगळवेढा, कुठंही माळवदाचं काम केलेला म्हातारा गवंडी माहीत असेल तर इनबॉक्समध्ये नंबर द्या. हात थरथरत असले तरी चालेल, नुसतं बसून सांगायला हवंय. चोपणं मी मारीन.