लिनक्सवाल्याच्या गळ्यात लग्नाचा व्हिडिओ

घरात एकच माणूस विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरत असला की सगळ्यांचा समज होतो की ह्याला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, त्यामुळे मामेबहिणीच्या लग्नाच्या क्लिपा माझ्याकडे आल्या. फोटोग्राफरच्या नाही हं, झाडून सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलमधल्या. मावशी म्हणाली, "तुझं ते सगळं फुकट असतं ना, मग कर की!"

आता फुकटच्या व्हिडिओ एडिटरांना तोटा नाही. केडेनलाइव्ह आहे, २००२ पासूनचं, शॉटकट आहे, ओपनशॉट आहे, ब्लेंडरमध्येसुद्धा व्हिडिओ कापायची सोय आहे, म्हणजे थ्रीडी राक्षस बनवता बनवता लग्नही उरकून घ्या. त्यात कुणीतरी सांगतोच, दाविंची रिझॉल्व्ह घे, हॉलिवूडवाले वापरतात. वापरू देत की, पण त्याची लिनक्सवरची फुकट आवृत्ती एच.२६४ नावाचा व्हिडिओ फॉरमॅट उघडत नाही, आणि मोबाइलवाले शूट करतात ते एकतर तेच नाहीतर एच.२६५. मग आधी टर्मिनलमध्ये एफएफएमपेग हे फाइली बदलणारं टूल चालवून सगळं डीएनएक्सएचआर ह्या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये करा, फाइली अशा काही फुगतात की डिस्क भरून लॅपटॉपच आडवा.

म्हणून केडेनलाइव्ह. त्यातली प्रॉक्सी ही खरंच शहाणी सोय आहे, फोर-के क्लिपची हलकी कॉपी बनते, कापाकापी तिच्यावर करायची, रेंडर होताना, म्हणजे शेवटची फाइल बनताना, मूळ क्लिप वापरली जाते. झकास चाललं होतं, अक्षतांपर्यंत. भटजी "सावधान" म्हणतात, बँड सुरू होतो, नवरानवरी हार घालायला वाकतात, आणि अक्षता सगळं आटोपल्यावर निवांत पडतात. दोष मोबाइलचा. हॉलमध्ये उजेड कमी-जास्त झाला की तो फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते, पण कमी-जास्त करत बसतो आणि आवाज अन् चित्र यांची फारकत होते, तेही लग्न लागायच्या आधीच. उपाय एकच, क्लिपा आधी एकसारख्या फ्रेमरेटला ट्रान्सकोड करायच्या, म्हणजे नव्याने बनवून घ्यायच्या, आणि पंख्याचा आवाज ऐकत चहा घ्यायचा.

झालं एकदाचं. मावशीने बघितला, डोळे पुसले आणि म्हणाली, "छान झालाय रे, पण आडवा आहे, स्टेटसला उभा लागतो."

प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये उभी प्रोफाइल आहे, प्रश्न तो नाहीये. ग्रुप फोटोच्या शॉटमध्ये डावीकडे विहीणबाई आहेत, उजवीकडे आत्या, आणि उभ्या फ्रेममध्ये दोघी मावत नाहीत. तूर्तास आत्या बाहेर आहे, कारण विहीणबाई व्हॉट्सॲपवर आहेत.