घाम फुटला म्हणजे शुगर वाढली? तो मेसेज थांबवा

'शुगरवाल्याला घाम फुटला, हात थरथरले की साखर वाढली समजा, लगेच एक जादा गोळी द्या,' हा मेसेज चोपडा-यावलकडच्या ग्रुपांवर फिरतोय. मागच्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. चूक झाली.

ही लक्षणं बहुतेकदा साखर कमी झाल्याची असतात. आमच्या अप्पांनी सकाळी गोळी घेतली आणि न्याहारी न करताच केळीच्या बागेत गेले. दहाच्या सुमाराला बनियन घामाने चिंब, बोलणं अडखळत. मशीनवर आकडा 58. 70 च्या खाली म्हणजे कमीच. जादा गोळी दिली असती तर? विचारही नको वाटतो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग भाकरी. केळंही चालतं, पण साखर-पाणी लवकर लागू पडतं.

घाबरून नंतर आम्ही त्यांना गूळही भरपूर खाऊ घातला, तर दुपारी आकडा 260! तेव्हा मात्र सारखी तहान, सारखी लघवी. म्हणजे एकाच माणसाला एकाच दिवशी दोन्ही होतं. डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवण चुकवू नका.

मशीन नसेल आणि लक्षणं कमी साखरेची वाटत असतील तर आधी साखरच द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

जुना मेसेज तुमच्याकडे असेल तर कृपया पुढे ढकलू नका. जिथे पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.