अभियोक्ता आणि सरकारी वकील, दोन वाटा
सरकारी वकिलीतल्या संधींवरचा एक लेख नुकताच वाचला; त्यात दोन वेगळ्या वाटांची सरमिसळ झालीय. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात उभा राहतो तो सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारतर्फे खटला चालवणारा वकील. ही एमपीएससीतून मिळणारी पगारी, बदलीची नोकरी. सत्र न्यायालयातला सरकारी वकील शासन नेमतं आणि त्याला किमान ७ वर्षांची वकिली लागते (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८ बघा).
पुण्यातल्या लॉच्या मुलांनी परीक्षेचे क्लास खुशाल लावावेत, पण अधूनमधून शिवाजीनगर कोर्टात मागच्या बाकावर बसावं. साक्षीदार फितूर झाला की सरकारी वकील स्वतःच्याच साक्षीदाराला आडवेतिडवे प्रश्न कसे विचारतो, ते नोट्समध्ये सापडत नाही. पगारावर लेखात भरभरून लिहिलंय, रोजच्या फायलींच्या ढिगावर एक ओळ नाही!