राऊटरमध्ये पिन घालायच्या आधी

‘इंटरनेट कंपन्या तुमच्यापासून काय लपवतात? निवृत्त टेलिकॉम इंजिनिअरचे सात उपाय, स्पीड तिप्पट!’ हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, मी न वाचल्यासारखं करून पुढे सरकले. मग तो चारकोपच्या काकांकडे पोचला. काकांनी तो नुसता वाचला नाही, अमलात आणला. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरचं नेट गेलं ते सोमवारी दुपारी आलं, आणि चुलतभावाने सोमवार सकाळची मुलाखत जिन्यात बसून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिली. ऑफिसात नेटवर्क सांभाळणं हेच माझं काम, त्यामुळे घरच्यांचे फोन मलाच येतात. प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहिते.

ज्यांच्यापर्यंत मेसेज आला नाही त्यांच्यासाठी त्यातले सात मुद्दे. १०० चं पॅकेज घेऊन डाउनलोड १२ नेच होतं, म्हणजे ८८ टक्के कंपनी खाते. अँटेनामागे ॲल्युमिनियम फॉइल लावा. राऊटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून तीस सेकंद दाबा, ‘साचलेला डेटा’ निघून जातो. सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसच्या जागी दिलेले आकडे टाका. वायफायच्या नावात ५जी दिसत असेल तर ते बंद करा, रेडिएशन असतं. स्पीड टेस्ट सगळ्या खोट्या. आणि ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाप्रमाणे पूर्ण स्पीड मिळाला नाही तर महिन्याचं बिल माफ.

क्रमाने जात नाही. जिथे माणसाचं खरंच नुकसान होतं तिथूनच सुरू करते.

काकांनी केला तो पिनेचा उपाय. राऊटर म्हणजे गच्चीवरची टाकी नव्हे, की तळाला गाळ बसला आणि वर्षातून एकदा धुऊन काढली. त्या भोकातलं बटण ‘फॅक्टरी रीसेट’चं असतं. ते धरून ठेवलं की डबा कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा कोरा होतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड जातात हे लोकांना निदान कळतं. कळत नाही ते हे, की मुंबईत केबलवाल्याकडून घेतलेल्या कितीतरी कनेक्शनांत राऊटरच्या आत एक युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असतो, त्याला पीपीपीओई म्हणतात. जोडणीच्या दिवशी पोऱ्याने तो त्याच्या मोबाइलवर बघून टाकला, आपण तेव्हा त्याला चहा हवा का विचारत होतो. फायबर असेल तर कधी व्हीलॅनचा, म्हणजे त्याच लाइनवरच्या वेगळ्या वाटेचा, आकडाही लागतो. हे सगळं एका पिनेने पुसलं जातं आणि मग राऊटरचे दिवे लागलेले असतात, वायफायही दिसतं, फक्त नेट नसतं. काही मोठ्या कंपन्या ही माहिती दुरून परत भरतात, तिथे निभावतं. काकांकडे तसं नव्हतं, आणि शनिवारी रात्री केबलवाला फोन उचलत नाही.

या मुद्द्यात अर्धं सत्य आहे ते नाइलाजाने सांगते. राऊटर बंद करून चालू केल्याने बरेचदा फरक पडतो. आतली मेमरी भरते, एखादी प्रक्रिया अडकते, कनेक्शनचं सेशन लोंबकळत राहतं, ते सुटतं. पण त्यासाठी प्लग काढायचा, अर्धा मिनिट थांबायचं, परत लावायचा. पिन नाही. आणि हे रोज करावं लागत असेल तर तो उपाय नाही, ते लक्षण आहे. ॲडॉप्टर मरायला टेकलेला असेल, किंवा डबा टीव्हीच्या बंद कपाटात सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर बसून शिजत असेल.

याच्याहून वाईट उपाय डीएनएसचा. मेसेजमधले आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. डीएनएस म्हणजे तुम्ही वेबसाइटचं नाव टाकलं की त्या नावाचा आकडी पत्ता काय हे सांगणारा सर्व्हर. तो जलद असला तर पान उघडताना सुरुवातीचे काही मिलिसेकंद वाचतात. फाइल उतरायला लागली की त्याचं काम संपलेलं असतं, त्यामुळे स्पीड तिप्पट वगैरे होण्याचा प्रश्नच नाही. पण तो सर्व्हर कोणाचा आहे याला फार महत्त्व आहे, कारण तुम्ही बँकेचं नाव विचारलं आणि त्याने भलताच पत्ता दिला तर तुम्ही भलत्याच दारात जाता. गूगलचा सर्व्हर ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, हे जगाला माहीत आहेत. मेसेजमधले आकडे यातले नाहीत आणि कुठल्याच नावाजलेल्या सेवेचे नाहीत.

मी उगाच घाबरवतेय असं वाटत असेल तर डीएनएसचेंजरचं प्रकरण वाचा. या व्हायरसने एवढंच केलं होतं: लोकांच्या कॉम्प्युटरमधले डीएनएसचे आकडे बदलून टोळीचे आकडे घातले. शंभराहून जास्त देशांतले ४० लाखांवर कॉम्प्युटर त्यात सापडले. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने खटला उघड केला, एस्टोनियात सहा जणांना अटक झाली. लोकांना भलत्या साइटवर आणि जाहिरातींवर वळवून टोळीने किमान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले होते. गंमत पुढे आहे. टोळीचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो लोकांचं नेटच गेलं असतं, म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी चांगले सर्व्हर कित्येक महिने चालवावे लागले. ते ९ जुलै २०१२ ला बंद झाले. हा व्हायरस घरच्या राऊटरमध्येही शिरायचा प्रयत्न करायचा, आणि कसा? कंपनीतून आलेला मूळ पासवर्ड टाकून पाहायचा. आता मेसेजचा तिसरा आणि चौथा उपाय एकापाठोपाठ वाचा: आधी पिन घालून राऊटर मूळ पासवर्डवर आणा, मग अनोळखी डीएनएस टाका. त्या टोळीला व्हायरस लिहायची मेहनत पडली होती. आपण चहा पिता पिता स्वतःच्या हाताने करतोय.

असं भलत्या दारात गेलात तर बँकेच्या साइटवर सर्टिफिकेटचा, म्हणजे साइटची ओळख पटत नसल्याचा, इशारा येतो, हे खरं. तो आला की ‘तरीही पुढे जा’ दाबणारी माणसं माझ्याच घरात आहेत. मेसेजमधले आकडे टाकून झाले असतील तर राऊटरमध्ये आणि फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये, दोन्हीकडे, डीएनएस परत ‘ऑटोमॅटिक’वर आणा आणि राऊटरचा ॲडमिन पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. डीएनएस बदलणं मुळातच पाप आहे असं नाही. कंपनीचा सर्व्हर बंद पडला की व्हॉट्सॲप चालतं पण वेबसाइट उघडत नाहीत, तेव्हा वरच्या दोन ओळखीच्या आकड्यांनी काम होतं.

आता ती ८८ टक्क्यांची चोरी. पॅकेज मेगाबिटमध्ये विकतात, डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते, आठ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८, साडेबारा. तुम्हाला १२ दिसत असतील तर तुम्हाला पूर्ण माल मिळतोय. स्वतःला निवृत्त टेलिकॉम इंजिनिअर म्हणवणाऱ्याला हे माहीत नाही?

चोरी पकडायचीच असेल तर इथे पकडा. तुम्ही २०० किंवा ३०० चं पॅकेज घेतलंय आणि वायर लावूनही आकडा कायम ९४-९५ च्या आसपास थबकतो, कमी नाही आणि जास्तही नाही. कुठेतरी १०० चा पोर्ट (वायर खोचायची जागा) किंवा अधू वायर बसली आहे असं समजा. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात. १०० चा वेग चार तारांवर चालतो, हजाराच्या वेगाला आठही लागतात. त्या जास्तीच्या चारांतली एक तार तुटली की जोडणी बहुधा गुपचूप १०० वर येते, आणि घरात कोणाला पत्ता लागत नाही कारण नेट ‘चालू’ असतं. आपल्याकडे गच्चीवरच्या स्विचपासून खिडकीच्या ग्रिलपर्यंत लोंबणारी वायर चार पावसाळे आणि चार उन्हाळे खाते, टोकाचा प्लग गंजतो. केबलवाल्याला नवा प्लग क्रिंप करायला दहा मिनिटं लागतात. जुन्या राऊटरचा पोर्टच १०० चा असेल तर मात्र राऊटर बदलण्यावाचून इलाज नाही, आणि तोवर मोठ्या पॅकेजचे पैसे पाण्यात.

स्पीड टेस्ट खोट्या असतात, यातही थोडं तथ्य आहे. बऱ्याच टेस्ट जवळचा सर्व्हर निवडतात, तो तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असला तर आकडा गोडच येतो. म्हणून जोडीला नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम चालवा, ती नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते. तिथे ‘आणखी माहिती’ दाबलं की लाइन रिकामी असतानाचा आणि भरलेली असतानाचा पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ, वेगवेगळा दिसतो. हा दुसरा आकडा बघा. स्पीड उत्तम आणि तरी मीटिंगमध्ये आवाज तुटतो, अशा घरांत बहुधा कोणाचा तरी फोन त्याच वेळी गावच्या लग्नाचे व्हिडिओ बॅकअपला चढवत असतो. अपलोड भरला की बाकीच्यांची रांग लागते. आणि अमेरिकेच्या सर्व्हरचा पिंग १८०-२०० मिलिसेकंद आला म्हणून केबलवाल्याशी भांडू नका. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद तिथेच गेले.

मोजायची रीत एकच. लॅपटॉप वायरीने थेट राऊटरला लावा आणि टेस्ट करा, एकदा दुपारी, एकदा रात्री नऊ-दहाला. मग राऊटरशेजारी उभं राहून वायफायवर. मग आतल्या खोलीत. वायरीवर पूर्ण आणि खोलीत चतुर्थांश, तर केबलवाल्याचा दोष नाही, घराच्या भिंतींचा आहे. दुपारी ठीक आणि रात्री वायरीवरही कोसळतं, तर दोष बाहेर आहे. मेसेजच्या सातही उपायांत दोष डब्याच्या कुठल्या बाजूला आहे हे शोधायला कुठेच सांगितलेलं नाही.

फॉइलबद्दल: धातूने लहरी परततात. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये खोलीच्या रचनेनुसार परावर्तक बनवून ते दाखवलंही. पण वन बीएचकेत हॉलकडे वळवलेली रेंज बेडरूममधूनच काढलेली असते. त्यापेक्षा दाराच्या वरच्या कोपऱ्यातला किंवा टीव्हीमागचा राऊटर उघड्यावर, घराच्या मध्याकडे आणा.

५जी: राऊटरवर दिसतं ते ५ गिगाहर्ट्झ. ते वायफायच्या १९९९ च्या मानकापासून आहे, मोबाइलचं ५जी भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. दोघांचा संबंध नाही. ते बंद केलंत तर २.४ गिगाहर्ट्झवर याल, जिथे एकमेकांवर न चढणारी तीनच चॅनेल आहेत, १, ६ आणि ११, आणि अख्खी बिल्डिंग त्यांवरच बसली आहे.

राहिली बिलमाफी. असा नियम नाही. २०२३ च्या जानेवारीत केंद्राने ब्रॉडबँडची व्याख्या बदलली तेव्हा किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर आणला. फक्त २. त्या जोरावर बिल कोण माफ करणार?

तक्रार मात्र जरूर करा. वायरीवरचे आकडे वेळेसकट लिहून. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर बाकी काही न करता तेवढंच कळवा, फायबर तुटली आहे किंवा वाकली आहे. दिवा हिरवा आणि तरी नेट येतं-जातं, तर आलेल्या माणसाला फायबरमधल्या प्रकाशाची पॉवर किती डीबीएम (ताकदीचं माप) येते ते विचारा. उणे २० च्या आसपास छान, उणे २७ ही नेहमीच्या डब्याची सीमा. तक्रार क्रमांक मागून घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. त्यासाठी बिलावर कोणत्या परवानाधारक कंपनीचं नाव आहे ते आधी पाहून ठेवा. आमच्या बिल्डिंगमध्ये केबलवाल्याच्या पोराचा नंबर सगळ्यांना पाठ आहे, कंपनीचं नाव कोणालाच माहीत नाही.