वर्गात हात वर करायला लावू नका

आता विदर्भातल्या शाळा उघडतील. शिक्षक मित्रांना पोटतिडकीनं एक मागणं आहे. भरलेल्या वर्गात "पिवळं कार्ड कोणाकोणाचं, हात वर करा" असं विचारू नका.

1999 पासून आपल्याकडे रेशनकार्डाचे तीन रंग झाले. वर्षाचं उत्पन्न 15 हजारांच्या आत असलं की पिवळं. आमचं पिवळंच होतं. यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, थोडंसं वावर, बाकीचे दिवस माय-बाबा दुसऱ्याच्या कामावर. गावच्या शाळेत हे लपवायचं कारण नव्हतं, बहुतेकांच्या माया एकाच वावरात निंदायला जायच्या. लपवणं सुरू झालं तालुक्याच्या हायस्कुलात, नववीपासून.

आठवीपर्यंत शाळेत खिचडी होती. ट्रॅक्टरवाल्याचा पोरगा आणि मी एकाच रांगेत, एकाच खिचडीला. खिचडीनं पोट भरलं हे सगळेच सांगतात, पण तिनं आमची झाकली मूठ झाकलेली ठेवली, हे कोणी बोलत नाही. नववीत ती बंद झाली. माझ्या डब्यात ज्वारीची भाकर अन् तिखट, बाकीच्यांकडे पोळी-भाजी. मी डबा घेऊन बसस्टँडच्या मागे जायचो आणि परत आल्यावर घरी जेवून आलो म्हणायचो. घर दहा-बारा किलोमीटरवर होतं!

वह्यांचंही तसंच. उन्हामुळे आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणजे ऐन पेरणीत. हातातला पैसा बियाण्या-खतात गेलेला, कृषी केंद्राची उधारी वेगळी. वह्या येणार त्या सीतादही (कापूस वेचणी सुरू करतानाची वावरातली पूजा) होऊन पहिला कापूस विकल्यावर. तोवर "वही घरी राहिली" हेच उत्तर, आणि त्याबद्दल छडी. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचून बोटं ओरबाडलेली असायची. कोणी विचारलं तर मांजराचं नाव सांगायचो. काल कोणाला काय सांगितलं ते आज लक्षात ठेवावं लागतं, आणि गणिताच्या तासालाही डोक्यात तेच चालू असतं.

"गरिबीची लाज कशाला?" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आम्हाला ती गावात नव्हती. नाव पुकारून, उभं करून, बाकीच्यांसमोर मदत हातात ठेवली तेव्हा ती आली. मोफत गणवेश सगळ्या मुलींना मिळायचा, पण मुलांमध्ये फक्त अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना. म्हणजे कोण कोणत्या घरचा, हे वाटपाच्या दिवशीच वर्गाला कळणार. 2023 मध्ये राज्यानं उरलेल्या मुलांनाही गणवेश द्यायचं ठरवलं. कापडाबद्दल, शिलाईबद्दल तक्रारी असतील, पण सगळ्यांना द्यायचं हे तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे.

जिथं सगळ्यांना देता येत नाही, तिथं निदान गुपचूप द्या. पालकांना एकेकटं बोलवा. यादी ऑफिसात ठेवा, नोटीस बोर्डावर लावू नका. आणि नववी-दहावीच्या पोरांना शाळेत जेवण मिळावं, यासाठी आमच्या तालुक्यातून आम्ही निवेदन देतोय. सही करायची असेल त्यांनी मला मेसेज करा.