विलासराव पडले होते. ती ओळ खोडू नका

२६ मे आला की लातूरकडच्या आमच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर विलासराव देशमुखांचा हसरा फोटो फिरायला लागतो. १४ ऑगस्टला, त्यांच्या स्मृतिदिनी, तोच फोटो पुन्हा येतो. खालचा मजकूरही ठरलेला: "गरीब शेतकऱ्याचं पोर, बाभळगावचा सरपंच ते महाराष्ट्राचा मुख्यमंत्री. आयुष्यात एकही निवडणूक न हरलेला नेता. सलग आठ वर्षं मुख्यमंत्री. लातूरचे लाडके आमदार आणि खासदार."

यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्या भाच्यानंच टाकला. मी लिहिलं, "बाळा, साहेब १९९५ ला पडले होते." लगेच त्याचं उत्तर आलं, "मामा, ती युतीची लाट होती. लाटेतलं धरायचं नसतं." मी विधान परिषदेची आठवण दिली, तर धाकटी भाची म्हणाली, "ते अर्ध्या मताचं ना? ते विरोधकांनी रचलेलं आहे मामा. अर्धं मत कुठं असतं का?"

पोरं १९९५ नंतर जन्मलेली. त्यांनी साहेबांना भाषणाच्या व्हिडिओतच पाहिलंय. त्यांच्यावर माझा राग नाही, पण या मजकुराला उत्तर द्यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. आमचं घर विलासरावांना मत देणारं. म्हणून तर जास्तच वाटतं.

आधी सोपं आटपतो.

"गरीब शेतकऱ्याचं पोर" हे खरं नाही. बाभळगाव लातूरला खेटून, आणि देशमुख हे त्या गावचे देशमुख. तिथली गढी आजही लोक दाखवतात. वडील दगडोजीराव गावचे कर्ते माणूस. मुलगा पुण्याला शिकला, कायद्याची पदवी घेऊन आला, लातुरात वकिली केली. यात कमीपणा कसला? एवढं शिकलेला, घरचं सगळं असलेला माणूस १९७४ ला ग्रामपंचायतीत गेला, सरपंच झाला, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत बसला, हे जास्त सांगण्यासारखं आहे. आणि ती जिल्हा परिषद उस्मानाबादची. लातूर तेव्हा नुसता तालुका होता, जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८० ला, विलासराव पहिल्यांदा आमदार झाले होते.

"लातूरचे खासदार" हेही चूक. लातूरची लोकसभा १९८० पासून शिवराज पाटील चाकूरकरांकडे होती. ते ओळीनं सात वेळा निवडून आले आणि २००४ ला रूपाताई पाटील निलंगेकरांकडून पडले. विलासराव लोकसभेला कधी उभेच राहिले नाहीत. २००९ ला ते केंद्रात मंत्री झाले ते राज्यसभेच्या वाटेनं. तोवर मतदारसंघांची फेररचना होऊन लातूरची लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीवही झाली होती.

"सलग आठ वर्षं मुख्यमंत्री" ही गोष्ट तर ज्याला कुणाला वर्षं मोजता येतात त्यानं स्वतःच तपासावी. पहिल्यांदा शपथ घेतली १८ ऑक्टोबर १९९९ ला, आणि जानेवारी २००३ मध्ये पद सोडावं लागलं. मध्ये सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री होते. दुसऱ्यांदा शपथ १ नोव्हेंबर २००४ ला, आणि मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये राजीनामा. ताज हॉटेलच्या पाहणीला मुलगा आणि सिनेमाचा एक दिग्दर्शक बरोबर होता, त्यावरून केवढं रान उठलं ते पुष्कळांना आठवत असेल. दोन्ही मिळून सात वर्षांच्या थोडं वर होतात. सलग नाही, आणि दोन्हींतली एकही पाच वर्षांची पूर्ण नाही.

आता मुख्य गोष्ट. "एकही निवडणूक न हरलेला."

विलासराव लातूर विधानसभेला सहा वेळा उभे राहिले. १९८०, १९८५, १९९० ला निवडून आले. १९९५ ला पडले. १९९९ आणि २००४ ला पुन्हा निवडून आले. १९९५ ला त्यांना पाडलं जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी, आणि थोडक्यात नाही. पस्तीस हजारांच्या आसपास मतांचा फरक होता.

त्या दिवसाचं एक मला नीट आठवतं. आमचे अण्णा शिक्षक. निवडणूक लागली की त्यांना ड्युटी ठरलेली, त्या वर्षी मतमोजणीची लागली होती. तेव्हा मशीन नव्हतं. पेटीतून घडी केलेल्या मतपत्रिका काढायच्या, उलगडायच्या, शिक्का कुठल्या चिन्हावर आहे ते बघून वेगळ्या करायच्या आणि पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधायचे. अण्णा घरी आले तेव्हा बोटांना शाई आणि कागदाची भुकटी लागलेली. ओट्यावर बसून आधी तांब्याभर पाणी प्यायले. आईनं विचारलं, "काय झालं हो?" ते म्हणाले, "साहेब पडले. कव्हेकरांचे गठ्ठे संपेचनात." बराच वेळ घरात कुणी बोललं नाही.

पन्नासचा एक गठ्ठा, तर पस्तीस हजार म्हणजे सातशे गठ्ठे. एवढे जास्तीचे गठ्ठे लातूरच्या लोकांनी एका मंत्र्याच्या विरोधात भरले, आणि आमचा मजकूर म्हणतो की हे घडलंच नाही.

भाच्याचं म्हणणं असं की ती युतीची लाट होती. आता हे बघा. १९९५ ला शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या. बेरीज १३८. सभागृह २८८ जणांचं, म्हणजे बहुमताला १४५ लागतात. अपक्षांना धरून युतीनं सरकार बनवलं. काँग्रेस पडली हे खरं, पण ८० जागा घेऊन तोच सगळ्यांत मोठा पक्ष होता. बरं, लाट होती असं मानू. मग लातूरची जागा युतीला जायला हवी होती की नाही? ती गेली जनता दलाला, ज्यांचे त्या वर्षी अख्ख्या राज्यात ११ आमदार निवडून आले. लाटेनं पाडलं असतं तर लाटेचाच माणूस निवडून आला असता. लातूरकरांनी लाटेच्या माणसालाही नाही म्हटलं आणि आपल्या मंत्र्यालाही. त्यांनी तिसराच माणूस निवडला. याला मी विचार करून दिलेलं मत म्हणतो.

कुणी म्हणतं भूकंपाचा राग होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली, त्याची जखम साऱ्या जिल्ह्याला होती. पण किल्लारी औसा तालुक्यातली, मतदारसंघही वेगळा. लातूर शहरात, गंजगोलाईच्या दुकानांच्या पायरीवर मी जे ऐकत होतो ते फार साधं होतं: "साहेब आता मुंबईचे झाले, भेट होत नाही." एवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण हे बोलणारी माणसं तीच होती ज्यांनी आधी तीनदा त्यांना निवडून दिलं होतं.

आता अर्ध्या मताचं. इथं जरा सावकाश जाऊ, कारण भाचीची शंका प्रामाणिक आहे. माणूस अर्धं मत कसं देईल?

१९९६ ला विधान परिषदेची काँग्रेसची उमेदवारी मिळाली नाही म्हणून विलासराव अपक्ष उभे राहिले, शिवसेनेची मदत घेऊन, आणि अर्ध्या मतानं हरले. ही गोष्ट कुणी रचलेली नाही. ज्याला विधान परिषदेची मतमोजणी ठाऊक आहे त्याला त्यात काही नवलही वाटणार नाही.

परिषदेच्या त्या जागांना मतदार असतात विधानसभेचे आमदार. मतदान गुप्त. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, तर उमेदवारांसमोर १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. मोजताना प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरतात. समजा २८८ आमदारांची मतं वैध ठरली आणि ९ जागा भरायच्या आहेत. एकूण किंमत २८,८००. तिला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे १० नं भागायचं आणि एक मिळवायचा. आले २,८८१. हा कोटा. जो तिथं पोचला तो निवडून आला.

आता समजा एखाद्याला पहिल्या पसंतीची ३२ मतं मिळाली. त्याची किंमत ३,२००. त्याला हवेत २,८८१. उरले ३१९. हे ३१९ वाया जात नाहीत. त्याच ३२ मतपत्रिकांवर दुसरी पसंती ज्याला असेल त्याच्याकडे जातात. ३१९ ला ३२ नं भागलं तर नऊ आणि वर थोडा अपूर्णांक येतो. अपूर्णांक सोडून देतात. म्हणजे प्रत्येक मतपत्रिका दुसऱ्या उमेदवाराकडे जाताना १०० ची नसते, ९ ची असते. एका मताच्या शंभरातले नऊ भाग. अशा बेरजा होत होत शेवटच्या जागेसाठी दोघं उरतात, आणि त्यांच्यातला फरक पन्नाशीचा असला की आपण म्हणतो अर्ध्या मतानं पडला. अर्धं मत कुणी देत नाही, ते मोजताना तयार होतं.

ही आकडेमोड मी मुद्दाम सगळी लिहिली. "असं असतंच कसं" म्हणून एखादी घडलेली गोष्ट उडवून लावण्याची सवय आपल्याला फार लागली आहे, आणि त्या सवयीवर कागद-पेन घेऊन बसण्याशिवाय दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

तर १९९६ साली हा माणूस कुठं होता बघा. आमदारकी गेलेली, मंत्रिपद गेलेलं, पक्षानं तिकीट नाकारलेलं, बंड केलं तर तेही अर्ध्या मतानं फसलेलं. वय पन्नाशी ओलांडलेलं. लातुरात तेव्हा पुष्कळ जण म्हणायचे, संपलं यांचं.

मग ते काँग्रेसमध्ये परत आले. १९९९ च्या जूनमध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली, काँग्रेस दुभंगली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात निवडणूक झाली. पक्ष फुटलेला असताना विलासराव लातुरातून जवळजवळ ९१ हजारांच्या फरकानं निवडून आले. पुन्हा गठ्ठ्यांत सांगतो, कारण मला तसंच कळतं: अठराशेवर गठ्ठे. पस्तीस हजारांनी मागे पडलेला माणूस चार वर्षांत एक्याण्णव हजारांनी पुढं गेला. काटा सव्वा लाखानं फिरला. मतदारसंघ तोच, गावं तीच, बहुतेक मतदारही तेच. त्या विजयानंतरच ते मुख्यमंत्री झाले.

आता त्या मजकुरातून १९९५ काढून टाका. १९९९ चं काय उरतं? चौथ्यांदा आमदार झाले, एवढंच. ज्या गोष्टीवर लातूरचा माणूस आजही चहाच्या टपरीवर तास काढतो, तिचा अर्धा भाग आपण स्वतःच्या हातानं पुसतोय. आणि त्यासोबत ती माणसंही पुसली जातात, ज्यांनी नाराज होऊन एकदा पाडलं आणि पटल्यावर डोक्यावर घेतलं. त्यात आमच्या गल्लीतले होते, माझे नातेवाईक होते. आधीच्या पिढीनं आपल्या नेत्याला जाब विचारला होता, हे माझ्या भाच्याला कळायला नको का?

आणि हे एकट्या लातूरचं नाही. शेजारच्या रेणापूर मतदारसंघात गोपीनाथ मुंडे १९८० ला निवडून आले आणि १९८५ ला पडले. १९९० ला परत आले, विरोधी पक्षनेते झाले, १९९५ ला उपमुख्यमंत्री. त्यांच्याही फोटोखाली "अजिंक्य" लिहिलेलं मी वाचलंय. विलासराव आणि मुंडे, पक्ष वेगळे पण दोस्ती अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक असलेली. दोघंही पडून उठलेले, आणि दोघांचंही पडणं आपण त्यांच्या मागे खोडायला निघालोय.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा लांबच झालं. रात्री भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, मग काय लिहू?" मी सांगितलं, लिही: "लातूर विधानसभेला सहा वेळा उभे राहिले. पाच वेळा निवडून आले. १९९५ ला शिवाजीराव पाटील कव्हेकरांकडून पस्तीस हजारांच्या आसपास मतांनी पडले, १९९९ ला जवळजवळ एक्याण्णव हजारांनी आले." त्यानं तसंच लिहून पुन्हा टाकलं, फोटो तोच. "सलग आठ वर्षं" मात्र तशीच राहिलीय. उद्या त्याला फोन करतो.