तिकडे चालतं म्हणून नव्हे

"दादा, साखरपुड्यापुरते तरी केस कापून टाक ना. मुलीकडची माणसं पहिल्यांदा बघणार आहेत तुला."

दिवाळीनंतर पुतण्याच्या साखरपुड्यासाठी नाशिकला गेलो होतो, तेव्हा धाकटा भाऊ असं म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी ६२ वर्षांचा आहे. माझे केस खांद्याच्या खाली चार बोटं येतात, बरेचसे पांढरे आहेत, आणि मी ते मागे एका सैल गाठीत बांधतो. कापले नाहीत. सकाळी नीट धुतले, विंचरले, बांधले आणि गंगापूर रोडवरच्या कार्यालयात जाऊन उभा राहिलो. मुलीच्या वडिलांनी नमस्कार केला, मीही केला. विषय निघालासुद्धा नाही.

विषय निघाला तो दोन दिवसांनी, शाळेच्या ग्रुपवर, कुणीतरी तिथले फोटो टाकल्यावर. रात्री अकरापर्यंत सगळे त्याच्यावरच बोलत होते. एका बाजूचं म्हणणं असं की साठी उलटल्यावर माणसानं झिपऱ्या वाढवणं शोभत नाही. नातवंडं काय शिकतील, चार लोकांत कसं दिसतं, आपले वडील असे होते का? दुसऱ्या बाजूनं माझी बाजू घेतली, आणि मला लिहायला बसवलं ते त्या बाजूनंच. ते म्हणाले, "अरे, तो सिंगापूरला राहतो. तिकडे चालतं."

हे वाक्य प्रेमानं म्हटलेलं आहे, पण ते चूक आहे, आणि त्यातली चूक पहिल्या बाजूच्या टीकेपेक्षा मला जास्त खुपते.

आधी 'तिकडे'बद्दल बोलतो. २००४ पासून मी सिंगापूरला आहे. १९७०च्या दशकात याच देशानं पुरुषांच्या लांब केसांविरुद्ध सरकारी मोहीम चालवली होती. हिप्पींची लाट आपल्याकडे नको, हे तिच्यामागचं कारण. सरकारी कार्यालयांत फलक लावले होते : लांब केसांच्या पुरुषांचं काम सर्वांत शेवटी केलं जाईल. लांब म्हणजे किती, हेही फलकावर चित्रांसकट दिलेलं असे. कपाळावरून भुवईला टेकणारे, कान झाकणारे, किंवा शर्टाच्या कॉलरच्या खाली उतरणारे. १९७२ साली लेड झेपेलिन हा जगभर गाजणारा ब्रिटिश बँड केसांपायी इथे कार्यक्रम करू शकला नाही. माझे आजचे केस त्या तिन्ही चित्रांत बसतात. पन्नास वर्षांपूर्वी मी टपाल कार्यालयाच्या रांगेत पहिला उभा राहिलो असतो, तरी माझा नंबर शेवटी लागला असता.

आजही हा देश केसांच्या बाबतीत सैल आहे असं नाही. शाळेतल्या मुलांचे केस कॉलरला टेकलेले चालत नाहीत. मुलगे अठराच्या आसपास सक्तीच्या लष्करी सेवेत जातात आणि सुरुवातीलाच त्यांचं डोकं भादरलं जातं. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा तेकाँग बेटावरच्या छावणीत गेला. त्याला सोडून आलेली त्याची आई लिफ्टमध्ये माझ्या केसांकडे बघून एकदम रडायला लागली. मला काय बोलावं ते सुचलं नाही. खाली पोहोचेपर्यंत मी तिच्या शेजारी नुसता उभा राहिलो.

तेव्हा 'तिकडे चालतं' हे काही या मातीतून उगवलेलं औदार्य नाही. ती मोहीम हळूहळू मागे पडली आणि लोकांनी दुसऱ्याच्या डोक्याकडे बघणं सोडलं. बघणं सोडलं म्हणजे मान्य केलं, असंही मी धरत नाही. समोरच्या घरातले चिनी काका इतक्या वर्षांत माझ्या केसांवर एक अक्षर बोललेले नाहीत. माझे वडील गेले, डोक्याचा गोटा करून परत आलो, तेव्हाही बोलले नाहीत. नाशिकला गल्लीतल्या पहिल्या माणसानंच खांद्यावर हात ठेवून विचारलं असतं, कोण गेलं?

वडिलांचं सांगायला हवं, कारण माझ्या मते सगळं त्यात आहे.

मी केस वाढवायला सुरुवात केली २०२०च्या एप्रिलमध्ये. सिंगापुरात टाळेबंदी लागली, तिला इथे 'सर्किट ब्रेकर' म्हणत. थोड्या दिवसांनी सलूनही बंद झाली. मे महिन्यात ती उघडली तेव्हा मी गेलो नाही. आरशात जो माणूस दिसत होता, तो मला आवडायला लागला होता. याहून मोठं कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. २०२२मध्ये वडील गेले. मी थोरला मुलगा. दहाव्याला रामकुंडावर गेलो, तिथल्या नाभिकासमोर मांडी घालून बसलो आणि दोन वर्षांचे केस उतरवून दिले. त्यानं एकदा विचारलं, "काका, पूर्ण ना?" मी म्हटलं, पूर्ण. मिशीही. त्या क्षणी मला जराही वाईट वाटलं नाही. वडिलांना द्यायला माझ्याजवळ वाढवलेलं, जपलेलं असं काहीतरी होतं, याचं बरंच वाटलं.

घाटाच्या पायऱ्या चढून वर आलो तर एक नातेवाईक म्हणाले, "बरं झालं बाबा. आता माणसात आलास."

त्यांना दुखवायचं नव्हतं, हे मला माहीत आहे. पण बापासाठी उतरवलेले केस त्यांना दुरुस्ती वाटली. माझ्या सुतकातून त्यांच्या मनासारखं काहीतरी घडलं होतं. तेव्हाच मी ठरवलं की केस परत वाढवायचे, आणि या वेळी कुणी विचारलं तर कारण सांगायचं नाही.

आपल्याकडे केसांना कारण लागतं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. नवस असेल तर चालतं. सुतकात दाढी वाढली तर कुणी बोलत नाही. गवई किंवा चित्रकार असला तर 'कलावंत माणूस' म्हणून सोडून देतात. आणि वैराग्य असेल तर हात जोडतात. २००३च्या सिंहस्थात मी वडिलांबरोबर तपोवनात साधुग्रामात हिंडलो होतो. गुडघ्यापर्यंत जटा सोडलेल्या एका वृद्ध बैराग्यापुढे वडील वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. आता २०२७च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे आणि नाशिकच्या घराघरांत पुन्हा तसे हात जोडले जातील. ते जोडणं खरं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण संसारातल्या माणसानं, पेन्शन घेणाऱ्या, भाजी आणणाऱ्या, नातवाला शाळेत सोडणाऱ्या माणसानं केस वाढवले, तर त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. 'झिपऱ्या' हा एकच आहे. त्या बैराग्यानं संसार सोडला म्हणून त्याला डोकं स्वतःचं मिळालं. मला संसार न सोडता ते हवं आहे.

पुरुषाच्या केसांचं दुःख फार मोठं करून मांडणं मला पटत नाही, कारण आमच्याच घरात खरं दुःख होऊन गेलं आहे. आजीची आत्या बालविधवा होती. लाल आलवण नेसायची, आणि ठरलेल्या दिवशी मागच्या पडवीत तिचं डोकं भादरलं जायचं. हे आईनं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. १८९०च्या सुमारास मुंबईच्या नाभिकांनी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं विधवांचं केशवपन करायला नकार दिला. ज्यांचं पोट वस्तऱ्यावर, त्यांनीच वस्तरा खाली ठेवला. त्या संपाबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती आत्या आठवली, आणि हेही कळलं की डोकं कुणाचं, हा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे. माझ्या वाट्याला त्याचा फार हलका तुकडा आला आहे. तरी तो त्याच प्रश्नाचा तुकडा आहे.

नियम मला नकोत, असं मात्र नाही. माझी उमेदीची वर्षं सातपूरच्या एमआयडीसीत लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर गेली. फिरत्या चकमध्ये केसाची एक बट अडकली तर काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सिंगापूरच्या कारखान्यातही नियम होता : केस लांब असतील तर बांधा आणि टोपीत घाला. बायकांना तोच, पुरुषांना तोच. हा नियम मी शेवटच्या दिवसापर्यंत पाळला आणि कुणी पाळला नाही तर त्याला हटकलंही. त्या नियमाला कारण होतं आणि ते समोर फिरताना दिसत होतं. 'शोभत नाही' या नियमाचं कारण मी ग्रुपवर विचारलं, तेव्हा उत्तरात पुन्हा 'शोभत नाही'च आलं.

एका मित्रानं मात्र विचार करायला लावणारं लिहिलं. म्हातारपणी केस वाढवले की माणूस आजारी, एकटा, कुणी बघणारं नसलेला वाटतो, आणि लोक त्या भीतीपोटी बोलतात. हे खरं आहे. पिंजारलेले पांढरे केस बघून आपल्याला रस्त्यावर सोडून दिलेली माणसं आठवतात. म्हणून मी निगा राखण्याला फार महत्त्व देतो. साठीनंतरचा केस विशीतल्या केसासारखा नसतो. डोक्यातलं नैसर्गिक तेल कमी होतं आणि केस कोरडा, खरखरीत होतो. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर हा वाढीचा सर्वसाधारण वेग, पण वय वाढतं तसा केसाचा वाढीचा काळ आखडतो, म्हणून तरुणपणी जेवढे वाढले असते तेवढे आता वाढतीलच असं नाही. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचंच, लांब केस फणीत जास्त दिसतात एवढंच. मी आठवड्यातून दोनदा धुतो, बोटांनी गुंता काढून मग रुंद दातांची लाकडी फणी घेतो, आणि दर तीन महिन्यांनी टोकं अर्धा इंच कापून घेतो. गाठ घट्ट बांधत नाही. रोज ओढून बांधलं की कपाळाजवळचे केस मुळापासून जातात, आणि तिथे आधीच फार उरलेले नाहीत. नाशिकला गेलो की बोअरच्या पाण्यानं ते राठ होतात, म्हणून शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेतो. स्कूटरवर हेल्मेट घालायचं तर गाठ वर चालत नाही, मानेशी खाली घ्यावी लागते. या गोष्टी मला बायकोनं शिकवल्या. चाळीस वर्षं ती हे करत होती आणि मी एकदाही नीट बघितलं नव्हतं.

पंचवटी कारंज्याजवळच्या सलूनमध्ये टोकं कापायला गेलो, तर तिथल्या तरुण मुलानं सरळ विचारलं, "काका, का वाढवलेत?" मी म्हटलं, आवडतात म्हणून. तो म्हणाला, "मग थोडे मागून गोल घेऊ, पडतील छान." त्याच्या विचारण्यात निवाडा नव्हता. त्याला त्याचं काम नीट करायचं होतं. सिंगापूरची शांतता आणि ग्रुपवरचा कल्लोळ या दोन्हींपेक्षा मला ही खुर्ची जवळची वाटली. माझ्या गावानं विचारणं सोडावं असं मला मुळीच वाटत नाही. विचारावं, आणि उत्तर ऐकून घ्यावं.

आता 'तिकडे चालतं'कडे परत येतो. या वाक्यानं मला सूट मिळते, पण नाशिकमध्ये राहणाऱ्याला ती मिळत नाही. नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून, म्हणजे छापखान्यातून निवृत्त झालेला माझा एक वर्गमित्र आहे. निवृत्तीनंतर त्यानं केस वाढवले होते, मानेपर्यंत आले होते, त्याला दिसतही छान होते. घरात सून, बाहेर शेजारी, देवळात ओळखीचे. आठ महिने ऐकून घेतलं आणि एका सकाळी कापून आला. मला तेव्हा फोनवर एवढंच म्हणाला, "तुझं बरंय." जो विमानानं येतो आणि पंधरा दिवसांनी जातो, त्याला माफी द्यायला गावाचं काही जात नाही. माझे केस परदेशाच्या खात्यावर लिहून मोकळं होता येतं. त्याचे केस पंचवटीतलेच आहेत, ते कुठे लिहिणार? म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, की सिंगापूरला यात ओढू नका. मी नाशिकलाच राहत असतो तरी वाढवले असते, आणि ते मला नाशिकलाच ठेवता आले पाहिजेत. त्यानंतर ग्रुपवर थोडा वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग कुणीतरी हवामानाचा अंदाज टाकला.

आई ८४ वर्षांची आहे. तिनं या वादात एकच वाक्य घातलं, "विंचरत जा रे रोज, जट धरेल." निघायच्या आदल्या रात्री तिनं मला पुढ्यात बसवून खोबरेल लावलं. लहानपणी लावायची तेव्हा दोन मिनिटांत आटपायचं. आता तिचे हात थकतात, मध्ये थांबते, पुन्हा लावते. केस लांब असल्यामुळे वेळ लागला.

सिंगापूरला परतल्यावर आठवड्याभरानं त्या प्रेसमधल्या मित्राचा मेसेज आला, ग्रुपवर नव्हे, मला एकट्याला. "कान झाकायला किती महिने लागतात रे?" मी लिहिलं, सात-आठ. गाठ बसायला वर्ष-सव्वा वर्ष. मधले चार-पाच महिने ना धड आखूड ना धड लांब, तेवढे काढायचे. पुतण्याचं लग्न वैशाखात आहे. तोवर या मित्राचे केस कानाच्या वरच्या टोकाशी आलेले असतील.